नाना शंकरशेट : नगराला जागा देणारे गृहस्थ

१८०३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात एका आठवड्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. १० तारखेला शंकरशेट बाबुलशेट मुरकुटे या दैवज्ञ ज्ञातीतील सधन व्यापाऱ्याच्या घरी मुलगा जन्माला आला आणि १७ तारखेला मुंबईच्या किल्ल्यात भीषण आग लागली. त्या काळची मुंबई म्हणजे मुख्यतः तटबंदीच्या आतले गाव. दाट वस्ती, लाकडी घरे, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या वखारी आणि दुकाने. आगीने त्या गावाचा मोठा भाग गिळला. पुढे सरकारने तटाबाहेरचे मैदान आणखी मोकळे केले आणि अनेक हिंदी कुटुंबांनी मैदानापलीकडे, उत्तरेच्या बाजूला आपली बिऱ्हाडे हलवली. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव, पायधुणी या वस्त्या त्यानंतर झपाट्याने भरत गेल्या. कोटात सत्ता, कचेऱ्या व मोठ्या पेढ्या आणि मैदानापलीकडे एतद्देशीयांचे गाव, अशी मुंबईची विभागणी ठळक झाली.

त्या आगीच्या आठवड्यात पाळण्यात असलेला तो मुलगा म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, साऱ्या मुंबईचे नाना. पुढची बासष्ट वर्षे ते या दोन मुंबईंच्या मधल्या मैदानावरून ये-जा करीत राहिले. कोटातल्या सभागृहांत त्यांना खुर्ची मिळाली, पण त्यांचे घर, त्यांचे देव आणि त्यांची माणसे गिरगावातच राहिली.

रायपूरच्या एका मराठी शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत मुंबईच्या शेटजींचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर आपल्या रायपूर स्थानकावरून जाणाऱ्या रुळांत आहे आणि दुसरे आपल्या शाळेच्या माध्यमात. दोन्ही उत्तरांपर्यंत पोहोचण्यासाठी आधी गिरगावात जावे लागेल.

मुरकुटे घराण्याचे नाते ठाणे जिल्ह्यातील मुरबाडशी होते. व्यापाराच्या निमित्ताने हे घराणे मुंबईत स्थिरावले आणि नानांच्या वडिलांच्या काळात त्याची गणना शहरातील बड्या पेढ्यांमध्ये होऊ लागली. गिरगावाच्या बाजूला या घराण्याची विस्तीर्ण मालमत्ता होती. आजच्या नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे देऊळ आणि राममंदिर ही याच घराण्याची देणगी. आईचे छत्र नानांच्या बालपणीच हरपले. घरी शिक्षक ठेवून वडिलांनी त्यांना इंग्रजीसह उत्तम शिक्षण दिले. १८२२ मध्ये वडीलही गेले आणि विशीच्या आतच पेढीचा, घराचा व मालमत्तेचा सारा भार नानांच्या खांद्यावर आला.

या वयात आलेली संपत्ती माणसाला उधळा तरी करते किंवा कवडीचुंबक तरी. नाना यांपैकी काहीच झाले नाहीत. त्यांच्या शब्दाची पत अशी होती, की अरब आणि अफगाण व्यापारी आपली पुंजी बँकेत न ठेवता त्यांच्याकडे विश्वासाने ठेवून जात. कागदावर सही घेण्याची गरज परक्या मुलखातल्या माणसालाही वाटू नये, ही पत त्यांनी ऐन तारुण्यात कमावली. पुढे सार्वजनिक कामासाठी ते लोकांपुढे हात पसरायला उभे राहिले तेव्हा हीच पत कामी आली. पारशी, हिंदू, मुसलमान, ज्यू आणि युरोपियन अशा सर्वांच्या वर्गणीतून त्या काळच्या मुंबईत संस्था उभ्या राहिल्या. त्या वर्गणीच्या याद्यांत नानांचे नाव वरच्या बाजूला असे, आणि ते तिथे असल्यामुळे त्याखाली इतर नावे पडत.

नाना वावरले ते गिरगाव आजच्या गर्दीच्या गिरगावासारखे नव्हते. नारळी-फणसांच्या बागा, मधून जाणारी अरुंद वाट आणि त्या बागांतच हळूहळू वसलेल्या वाड्या. फणसवाडीसारखी नावे आजही त्या बागांची आठवण सांगतात. उतरत्या कौलारू छपरांची, ओटी-पडवीची घरे, मध्ये विहीर, कोपऱ्यावर देऊळ अशी ही रचना कोकणातून मुंबईत आली. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी लाकडी कठड्यांची, बाहेरून जिना असलेली घरे बांधली आणि शेजारच्या वाडीत पाठारे प्रभू, दैवज्ञ, ब्राह्मण अशी वस्ती वाढली. पुढच्या काळात गिरण्या आल्या, नोकऱ्या आल्या आणि वाड्यांमध्ये चाळी उभ्या राहिल्या. वाडी असो वा चाळ, सामाईक अंगण ही या वस्तीची ओळख टिकून राहिली. आपल्या तात्यापारा, बूढापारा किंवा ब्राह्मणपाऱ्यात वाढलेल्यांना सामाईक अंगण म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

अशा वस्तीला जे लागते, त्याचा विचार नानांनी आयुष्यभर केला. माणसाला राहायला घर लागते, पण तेवढ्याने शहर होत नाही. मुलांना शिकायला जागा लागते, मन रमवायला जागा लागते, एकत्र येऊन सरकारला दोन शब्द सुनावायला जागा लागते आणि शेवटी देह ठेवायलाही जागा लागते. नानांच्या चरित्रातील कामांची यादी लांबलचक आहे. तिच्याकडे नीट पाहिले, तर या जागा मिळवण्याची, देण्याची किंवा राखण्याची ती यादी आहे, असे दिसून येते.

पहिली जागा शाळेची. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२२ च्या सुमारास, एतद्देशीय मुलांच्या शिक्षणासाठी हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. या मंडळीच्या कामात नानांनी विशीतच प्रवेश केला. तिचेच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे नामांतर झाले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन स्वदेशी परतले तेव्हा त्यांचे स्मारक म्हणून केवळ पुतळा न उभारता उच्च शिक्षणासाठी निधी जमवण्याचे ठरले. या निधीमागच्या प्रमुख माणसांत नाना होते. त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभे राहिले. आरंभी त्याचे वर्ग मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरत. तीस पायऱ्यांची, ग्रीक धाटणीच्या भव्य खांबांची ही इमारत १८३३ मध्ये पूर्ण झाली होती. राज्यकर्त्यांनी आपल्या वैभवासाठी बांधलेल्या दालनात हिंदी तरुण गणित आणि विज्ञान शिकू लागले. बाळशास्त्री जांभेकर तिथे अध्यापक होते. दादाभाई नौरोजी आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे तिथले विद्यार्थी. एकोणिसाव्या शतकातील पश्चिम भारताची जाग बऱ्याच अंशी या एका संस्थेतून आली.

१८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ नेमले आणि नाना त्याचे सदस्य झाले. याच मंडळात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वाद झाला. तो आपल्यासारख्या शाळांच्या इतिहासाचे पहिले पान म्हणावे असा आहे.

१८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी या मंडळाचे अध्यक्ष झाले. पेरी न्यायाधीश होते, विद्वान होते आणि हिंदी लोकांच्या शिक्षणाविषयी त्यांना मनापासून आस्था होती. पण त्यांचे मत असे, की सरकारकडे पैसा थोडा आहे, तेव्हा तो मोजक्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यावर खर्चावा. त्यांच्याकडून ते ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. मंडळातील तिन्ही हिंदी सदस्यांनी, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा यांनी, याला विरोध केला. त्यांच्या बाजूला कर्नल जॉर्ज जर्विस हे इंग्रज अधिकारीही उभे राहिले. गणिताची पुस्तके मराठीत आणण्यासाठी या जर्विस यांनी पूर्वी स्वतः परिश्रम घेतले होते. मराठीत विज्ञान सांगता येते की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुरता अनुभवाने सुटलेला होता.

नाना इंग्रजीचे विरोधक नव्हते. ते स्वतः उत्तम इंग्रजी जाणत, तिच्यातून कारभार करीत आणि इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्याला ती जरूर शिकवावी असेच त्यांचे मत होते. त्यांचा मुद्दा वेगळा होता. परक्या भाषेत प्रावीण्य मिळवण्यातच मुलाची उमेदीची वर्षे गेली, तर विषय शिकायला वेळ उरत नाही. ज्याच्या घरी पैसा आणि सवड आहे त्याचाच मुलगा त्या भाषेपर्यंत पोहोचतो. बहुसंख्यांपर्यंत ज्ञान न्यायचे असेल, तर ते लोकांच्या भाषेतूनच न्यावे लागेल. मोजक्यांकडून ज्ञान खाली झिरपेल, हा भरवसा त्यांना पटला नाही. मोठमोठ्या पेढ्यांचे व्यवहार पाहिलेल्या या माणसाला वरचे धन आपोआप खाली झिरपत नाही, हे पुरते ठाऊक असावे.

१८४६ पासून १८४८ पर्यंत मंडळात टिपणांवर टिपणे लिहिली गेली. प्रकरण सरकारपुढे गेले. सरकारने दिलेले उत्तर इतके मोघम होते, की दोन्ही बाजूंना ते आपल्याच बाजूचे वाटावे. प्रत्यक्षात उच्च शिक्षणाची वाट इंग्रजीकडे वळली, खालच्या शाळा मात्र मराठी, गुजराती व कानडी भाषांतूनच चालू राहिल्या. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानेही बहुजनांसाठी देशी भाषा आणि वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी, अशीच विभागणी मान्य केली. नाना पूर्ण जिंकले नाहीत. पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दोन वर्षांत हार मानली असती, तर मराठी शाळेला सरकारी व्यवस्थेत उरलेली जागाही कदाचित राहिली नसती.

शाळेची दुसरी जागा मुलींची. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. तेव्हा मुलींना अक्षर शिकवणे म्हणजे धर्म बुडवणे, अशी समजूत भल्याभल्यांची होती. नाना स्वतः श्रद्धाळू आणि परंपरेने चालणारे गृहस्थ. पूजाअर्चा, सणवार, कुळाचार त्यांच्या घरी निष्ठेने चालत. तरीही त्यांनी मुलींच्या शाळेला पैसा दिला आणि आपल्या वाड्यात जागाही दिली. ज्ञातीतील रोष त्यांनी पत्करला. ज्यांच्या घरी देव आहेत त्यांच्याच घरी मुली पाटी घेऊन बसलेल्या पाहिल्यावर, धर्म बुडतो म्हणणाऱ्यांचा आवाज थोडा तरी खाली आला असेल.

मन रमवण्याच्या जागेचीही गोष्ट अशीच आहे. कोटातले जुने नाटकगृह कर्जापायी विकले गेले आणि मुंबईत रंगभूमीला घर राहिले नाही. नव्या नाटकगृहासाठी नानांनी ग्रँट रोडवर जमीन दिली आणि १८४६ मध्ये ते सुरू झाले. नाटकगृह कोटातून उठून एतद्देशीयांच्या वस्तीशेजारी आले, ही वरवर साधी वाटणारी घटना फार दूरवर परिणाम करणारी ठरली. आरंभी तिथे इंग्रजी खेळ होत. १८५३ मध्ये सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांनी तिथे मराठी नाटकाचे प्रयोग केले आणि त्याच वर्षी पारशी मंडळींची नाटकेही तिथे सुरू झाली. मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी रंगभूमीच्या वाटचालीत ग्रँट रोडच्या त्या नाटकगृहाला मानाचे स्थान आहे.

आणि शेवटची जागा स्मशानाची. गिरगावच्या समुद्राकडील बाजूला सोनापूर येथे हिंदूंची दहनभूमी होती. शहर वाढू लागले तसा ती तिथून उठवून दूर शिवडीला नेण्याचा विचार सरकारदरबारी सुरू झाला. वस्तीपासून इतक्या लांब प्रेत खांद्यावरून नेणे गोरगरिबांना कसे झेपणार, हा प्रश्न कोटातल्या अधिकाऱ्यांना पडण्यासारखा नव्हता. नानांनी हा बेत नेटाने हाणून पाडला आणि दहनभूमी सोनापुरातच राहिली. ज्यांनी आपल्या माणसाला खांदा देऊन पायी स्मशानात नेले आहे, त्यांना या कामाचे मोल कळेल. मोठमोठ्या इमारतींच्या वर्णनात याचा उल्लेख क्वचितच येतो. पण एखादी वस्ती कुणाच्या मालकीची, हे तिथल्या माणसाला तिथेच मरण्याचा आणि तिथेच भस्म होण्याचा हक्क आहे की नाही, यावरूनही ठरते.

आता रुळांकडे वळू. इंग्लंडात आगगाड्या धावू लागल्याच्या वार्ता मुंबईत पोहोचल्या तेव्हा हिंदुस्थानात असे काही होईल, यावर फार थोड्यांचा विश्वास होता. १८४५ मध्ये नानांनी सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह रेल्वेसाठी एक मंडळ स्थापन केले. पुढे ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीत विलीन झाले आणि कंपनीच्या दहा संचालकांत जे दोन हिंदी होते, त्यांपैकी एक नाना होते. रेल्वेचे आरंभीचे कार्यालयही त्यांच्याच वाड्यात होते, असे परंपरेने सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन ठाण्याकडे निघाली. साहेब, सिंध आणि सुलतान अशी तिच्या तीन इंजिनांची नावे. चौतीस किलोमीटरांचा तो प्रवास नानांनीही केला.

हे रूळ पुढे थांबले नाहीत. भोर घाट आणि थळ घाट फोडून ते दख्खनच्या पठारावर चढले. १८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोहोचली. तिथून राजनांदगावपर्यंत नागपूर–छत्तीसगढ रेल्वेचा अरुंद लोहमार्ग झाला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो रुंद करून रायपूर, बिलासपूरवरून पूर्वेला नेला, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबई आणि हावडा या मार्गाने जोडले गेले. मराठी भाषा छत्तीसगढात त्याआधीच, १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आली होती. पण पुढच्या काळात मास्तर, वकील, कारकून, डॉक्टर आणि रेल्वेचे नोकर म्हणून जी कुटुंबे विदर्भातून व त्यापलीकडून रायपुरास आली, त्यांचा पेटी-बिछाना याच रुळांवरून आला. आपल्या शाळेच्या पटावरील कित्येक आडनावांचा प्रवास बोरीबंदरच्या त्या दुपारपर्यंत मागे नेता येतो.

रेल्वे सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, मुंबईत बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संस्था. जमशेटजी जीजीभाई तिचे सन्मान्य अध्यक्ष, नाना अध्यक्ष आणि डॉ. भाऊ दाजी चिटणीस. कंपनी सरकारची सनद नव्याने द्यायची वेळ जवळ आली होती. असोसिएशनने थेट इंग्लंडच्या पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. कारभाराचा खर्च, उच्च पदांवर हिंदी लोकांना मज्जाव आणि कायदेमंडळात त्यांना नसलेले स्थान यांबद्दल त्यात तक्रार होती. काँग्रेसच्या स्थापनेला तेव्हा तेहतीस वर्षे अवकाश होता. नाना इंग्रजी राज्याशी एकनिष्ठ होते, हे खरे. आज आपल्याला ती निष्ठा खटकते. पण राज्यकर्त्याला त्याच्याच कायद्याने जाब विचारता येतो, ही सवय या पिढीने लावली नसती, तर पुढच्या पिढ्यांचे पाऊल इतके पुढे पडले नसते. त्या निष्ठेनेही त्यांना पूर्ण अभय मिळाले नाही. १८५७ च्या धामधुमीत सरकारच्या संशयाची सावली त्यांच्यावर पडली. पुरावा काहीच नव्हता आणि ती दूर झाली. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पहिल्या फेलोंच्या यादीत नानांचे नाव आले. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले. तिथे बसण्याचा मान मिळालेल्या पहिल्या हिंदी गृहस्थांपैकी ते एक होते.

नानांची अखेरची वर्षे म्हणजे मुंबईचा कायापालट होण्याची वर्षे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८६२ पासून किल्ल्याचा तट पाडायला घेतला. ज्या भिंतीने दोन मुंबई वेगळ्या केल्या होत्या, ती दगडादगडाने खाली आली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला भायखळ्याला राणीचा बाग लोकांसाठी खुला झाला आणि तिथेच वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली. कोटातील जुना संग्रह १८५७ च्या गडबडीत उधळला गेला होता. त्याला कायमचे घर मिळावे म्हणून डॉ. जॉर्ज बर्डवुड व भाऊ दाजी यांच्याबरोबर नानांनीही खटपट केली होती. १८७२ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते आणि राणीचा बाग वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून. ही दोन्ही ठिकाणे कोटाबाहेर, एतद्देशीयांच्या वस्तीजवळ आहेत. शाळकरी मुलांना हत्ती आणि जुनी नाणी एकाच दिवशी पाहता यावीत, अशी ती सोय मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी अनुभवली आहे.

१८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. जुलै महिन्यात मुंबईच्या सट्टेबाजारात हाहाकार उडाला आणि रातोरात श्रीमंत झालेले रातोरात कफल्लक झाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नानांनी जगाचा निरोप घेतला. आगीच्या आठवड्यात सुरू झालेले आयुष्य बाजाराच्या राखेवर संपले. पण नानांनी शहरात जे गुंतवले होते, त्याचा भाव त्या बाजारावर अवलंबून नव्हता.

त्यांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलमध्ये बसवण्यात आला. ज्या दालनांत एल्फिन्स्टनचे पहिले वर्ग भरले होते, तिथेच. बोरीबंदरच्या जागी १८७८ पासून फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार भव्य रेल्वे स्थानक उभे राहू लागले. आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते हेच. त्याच्या दर्शनी भागावर कंपनीच्या संचालकांचे अर्धपुतळे कोरले आहेत. त्या गोऱ्या चेहऱ्यांच्या रांगेत पगडीधारी नानाही आहेत. २००४ मध्ये हे स्थानक युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींनाही तो मान मिळाला. किल्ल्याचा तट पडला म्हणूनच त्या इमारतींना उभे राहायला जागा झाली. त्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेतील मानाचे पान ठरली. १९१२ मध्ये ती मिळवणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले.

मुंबईतील त्या काळच्या वास्तूंना नावे मिळाली ती एल्फिन्स्टन, ग्रँट आणि व्हिक्टोरिया यांची. नानांच्या नावाला चौक मिळाला आणि गिरगावातला रस्ता मिळाला, तोही पुढे. पण त्या वास्तूंत भरलेल्या माणसांकडे पाहिले, की नानांची सही दिसते. जागतिक वारसा म्हणून मिरवणाऱ्या दगडी इमारतींची निगा राखली जाते, ते योग्यच आहे. गिरगावच्या वाड्या मात्र एकेक करून उंच इमारतींखाली नाहीशा होत आहेत. अंगण गेले की ओळख जाते. हे मुंबईतच घडते आहे असे नाही. आपल्या पुराणी बस्तीत, तात्यापाऱ्यात जुन्या घरांच्या जागी काय उभे राहिले आहे, ते आपण रोज पाहतो.

आणि शिक्षण मंडळातला तो वाद? तो १८४८ मध्ये मिटला नाही, आजही मिटलेला नाही. फक्त त्याची जागा बदलली. तो आता कोटातल्या सभागृहात होत नाही. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत तो आपल्या घरी, जेवणाच्या ताटावर होतो. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हे विचारताना आई-वडील पेरी आणि शंकरशेट या दोघांच्याही बाजूंनी बोलत असतात. दोन्ही बाजूंना काळजी एकच असते, मुलाच्या भवितव्याची. ज्या शहरात घराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी बोलली जाते आणि नोकरीच्या दारावर इंग्रजी उभी असते, तिथे मराठी शाळेत मुलाला घालणे हा सोपा निर्णय कधीच नव्हता. आपल्या शाळेच्या साठ वर्षांत हजारो घरांनी तो घेतला आणि काहींनी, तितक्याच प्रामाणिकपणे, घेतला नाही.

नानांचे चरित्र या प्रश्नाचे तयार उत्तर देत नाही. ते एवढेच दाखवते, की भाषा टिकते ती तिच्याविषयीच्या अभिमानापेक्षा तिला मिळालेल्या जागेमुळे. कुणीतरी आपला वाडा उघडतो, कुणी जमीन देतो, कुणी वर्गणीच्या यादीत पहिले नाव लिहितो आणि कुणी भर सभेत, बहुमत विरुद्ध असताना, आपले म्हणणे नोंदवून ठेवतो. त्यामुळे पुढच्या पिढीला बसायला जागा होते.

आपली शाळाही कुणीतरी दिलेल्या जागेवर उभी आहे. आरंभीच्या वर्षांत पदरमोड करून ती चालवणारे, तुटपुंज्या पगारावर शिकवणारे, दारोदार फिरून पटावर मुले आणणारे आणि आपली मुले विश्वासाने इथे पाठवणारे, या सर्वांनी मिळून ती जागा केली. माजी विद्यार्थी म्हणून आपण या पटांगणात परत येतो तेव्हा भिंती बदललेल्या असतात, बाके बदललेली असतात. पण सकाळची घंटा झाली की पुढच्या रांगेत एक मूल मराठीत पाढे म्हणत असते. त्याच्यासाठी जागा राखून ठेवणे, एवढेच आता आपल्या हाती आहे. गिरगावच्या त्या शेटजींनीही दुसरे काही केले नव्हते.